रोजची आणि प्रवासाची

"ही घेऊन बाहेर पडलात ना ताई, तर घरच्यांनासुद्धा कळायचं नाही, ऑफिसला निघालात की गावाला," असं म्हणत दुकानदाराने करड्या रंगाची कॅनव्हासची टोट बॅग काउंटरवर उभी केली. बॅग खरोखरच उभी राहिली, कारण तिच्या पोटात जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले होते. दुकानदाराने जादूगाराच्या थाटात ते एकेक बाहेर काढले, आतलं अस्तर उलटं करून दाखवलं, बाटलीचा उभा कप्पा दाखवला, लॅपटॉपचा दाखवला, चेन दोनदा मागेपुढे केली आणि मग तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला. ती तेव्हा बॅगेचे दोन्ही पट्टे दोन बोटांवर घेऊन वजनाचा अंदाज करत होती. ते वाक्य कानावर पडलं आणि बोटं जिथल्या तिथे थबकली. वाक्यात वावगं काहीच नव्हतं. रोजच्यालाही चालेल आणि प्रवासालाही, अशी एकच बॅग हवी, हे तिनेच आल्याआल्या सांगितलं होतं; दुकानदाराने तिचंच म्हणणं जरा सजवून तिला परत दिलं होतं इतकंच. तरी तिने बॅग खाली ठेवली, अगदी अलगद, जशी एखादी वस्तू आपली नाही हे लक्षात आल्यावर ठेवावी. "बघून सांगते," ती म्हणाली. "बघितलीत की आत्ता," दुकानदार म्हणाला, पण त्यात तक्रार नव्हती. त्याने बोळे परत एकेक करून आत भरायला घेतले. "रंगात आणखी दोन आहेत. माळ्यावर आहेत. सावकाश या."

बाहेर आल्यावर तिने आपली जुनी बॅग खांद्याला लावली. त्या बॅगेचा पट्टा ऑफिसच्या जिन्यात, भर गर्दीत, मुळापासून उसवून आला होता. पाण्याची बाटली गडगडत खालच्या मजल्यावर गेली होती आणि ती कुणीतरी वर आणून दिली होती. तेव्हापासून पट्ट्याला गाठ मारून काम चाललं होतं. गाठीमुळे पट्टा आखूड झाला होता आणि बॅग कमरेशी लोंबण्याऐवजी बगलेत बसत होती. बगलेत कोंबडी धरून बाजारात निघाल्यासारखं दिसतं, असं नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दुसरी बॅग घेणं भागच होतं, आणि सोमवारच्या आत घेणं भाग होतं. चालता चालता तिने दुकानदाराचं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. प्रयोगशाळेत एखादा आकडा अपेक्षेबाहेरचा आला की ती असंच करायची, तोच आकडा परत येतो का ते बघायची. परत तोच आला. घरच्यांनासुद्धा कळायचं नाही. घरचे म्हणजे नवरा, त्याला सगळं ठाऊक होतं. आणि मुंगी, तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

मुंगी म्हणजे तिची मुलगी. स्वतःच्या दुप्पट आकाराच्या वस्तू ओढत न्यायची लहानपणापासून हौस, म्हणून मुंगी. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. सोमवारपासून आईचं काम बदलणार हे मुंगीला सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं होतं हा शब्द बरोबर नाही, हे तिला कळत होतं. आधी मुंगीला सर्दी होती, म्हणून नको. मग तिची चाचणी परीक्षा होती, म्हणून नको. मग पट्टा तुटला, आणि आता बॅग आणली की सांगू, असं तिने ठरवून टाकलं, जणू बॅगेचा आणि सांगण्याचा काही संबंधच होता. नवरा एकदाच म्हणाला होता, "तू सांग. तुझी नोकरी आहे, मी सांगितलं तर बातमी फुटल्यासारखं होईल." त्यावर ती हो म्हणाली होती. आणि हे काम काही कुणी तिच्या गळ्यात मारलं नव्हतं. तिने स्वतः मागून घेतलं होतं. कुणी लादलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं; काय करणार बाळा, साहेबांनी सांगितलं, असं म्हणता आलं असतं.

तिची प्रयोगशाळा वजनकाटे तपासायची. दवाखान्यातले, औषधांच्या कारखान्यातले, सोनारांचे, धान्याच्या गोदामातले, सगळ्या जातींचे काटे तिथे यायचे आणि खरे की खोटे ते ठरून परत जायचे. ज्या वजनांशी ताडून बघायचं ती प्रमाण वजनं मखमलीच्या खाचांमध्ये झोपलेली असत. त्यांना हाताने शिवायचं नाही, चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचलायचं; बोटाच्या घामाचंही वजन होतं. बाहेरून आलेलं काहीही लगेच मोजायचं नाही, रात्रभर खोलीत मुरू द्यायचं, म्हणजे त्याची ऊब आणि खोलीची ऊब सारखी होते. आणि मोजण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे ना ते बघायचं. हे सगळं करताना तोंडाने बोलायचं नाही, श्वाससुद्धा बाजूला वळून सोडायचा. तिला ही खोली आवडायची. तिथे कुणी गप्प राहिलं तर त्याला काय झालं म्हणून विचारत नसत. या कामाने तिच्या हाताला एक खोड लागली होती, की ती काहीही उचलताना नकळत वजन करायची: भाजीची जुडी, झोपलेली मुंगी, शेजारणीने दिलेला डबा. नवरा पाहुण्यांना सांगायचा, आमच्याकडे घरचाच मापाडी आहे, तुमच्या पेढीचं काही असेल तर बोला. हाताची ती खोड प्रयोगशाळेच्या आधीची होती, हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

जे काटे जागचे हलवता येत नाहीत ते जागेवर जाऊन तपासावे लागतात. ते काम इतकी वर्षं काका करत. काका म्हणजे तिच्या विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. ते कुणाचे काका नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. दर पंधरवड्याला ते दोन-तीन रात्री बाहेरगावी असत आणि परत आले की टेबलाच्या कडेवर बसून किस्से सांगत. त्यातला एक ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि जुन्यांनाही पुन्हा पुन्हा ऐकावा लागे. एका गिरणीत ते गेले, सकाळभर खपून काटा तपासला. काटा असा, की दाखवायला न्यावा. एका कणाचा फरक नाही. प्रमाणपत्र लिहायला बसले आणि सहज पाणी प्यायला मागच्या पडवीत गेले, तर तिथे दुसरा काटा, पीठ माखलेला, आणि त्याच्यासमोर पोत्यांची रांग. "पुढचा काटा आमच्यासाठी ठेवलेला," काका म्हणत. "पुसून-पासून. बरं, फसवायला नव्हे हं. चांगला आहे, पाहुण्यांना दाखवावा, एवढ्याच भावनेने. म्हणून सांगतो, कुठेही गेलात की आधी विचारायचं, रोज कशावर मोजता? मग वजनांची पेटी उघडायची." गेल्या आठवड्यात ते निवृत्त झाले आणि सोमवारपासून त्यांचं काम तिच्याकडे येणार होतं; निरोपाच्या दिवशीही त्यांनी हाच किस्सा सांगितला होता, आणि ती सगळ्यांबरोबर हसली होती.

दुपारी प्रयोगशाळेत हातमोजे चढवताना तिला खुंटी आठवली. तशी ती कधी विसरली नव्हती, पण आठवणं म्हणजे नुसतं माहीत असणं नव्हे. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या दाराच्या मागे भिंतीत ठोकलेली लाकडी खुंटी, आणि तिच्यावर आईची तपकिरी रेक्झिनची पिशवी. आई कचेरीत टायपिस्ट होती. पिशवी सकाळी आईबरोबर जायची आणि संध्याकाळी आईबरोबर यायची. मग एक दिवस शाळेतून घरी आल्यावर खुंटी रिकामी होती, आणि दिवेलागण झाली तरी रिकामीच राहिली. बाबा म्हणाले, "येईल." दुसऱ्या दिवशीही येईल म्हणाले. बाबांना स्वयंपाकातलं एकच यायचं, अंडी उकडणं. सकाळी अंडी, रात्री अंडी. तेव्हा ती आत्ताच्या मुंगीएवढी होती. रिकामी खुंटी भिंतीतून बाहेर आलेल्या नाकासारखी दिसायची, आणि जेवताना तिकडे बघायचं नाही असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. मग एका संध्याकाळी आई आली. हातात तीच तपकिरी पिशवी. तिने पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले, केराच्या डब्यात डोकावली आणि विचारलं, "एवढी टरफलं?" बाबा म्हणाले, "अंडी होती." विषय तिथेच संपला, आणि त्यानंतर त्या घरात तो कधी निघाला नाही. पण त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी, आई आत असताना, दाराआड जाऊन पिशवी उचलून बघायची. जड असेल तर आई जाणार, हलकी असेल तर नाही. उचलायची एक पद्धत होती. गुडघे किंचित वाकवायचे, पिशवीच्या बुडाखाली दोन्ही तळहात लावायचे, पट्टे खुंटीवरून सुटणार नाहीत एवढंच वर घ्यायचं, डोळे मिटायचे. पहिले काही दिवस पिशवी जड लागायची, आणि त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून आईच्या कुशीवर वळण्याचे आवाज ऐकत पडायची. पुढे पिशवी हलकी लागायला लागली. रोज हलकी. हळूहळू झोप लागायला लागली. उचलणं मात्र सुटलं नाही. खूप पुढे, बुडाखालच्या तळहातांची गरज संपून एका बोटावर काम भागायला लागलं, तरी सुटलं नाही.

घरी पोचली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात होता. तिने बॅग दाराजवळच्या खुंटीला अडकवली, हात-तोंड धुतलं, आणि टॉवेल शोधत बाहेर आली तर खुंटीसमोर मुंगी. पाठमोरी. दोन्ही हात बॅगेला लागलेले. बॅग खुंटीवरून जराशी वर उचललेली.

"काय करतेस गं?"

"काही नाही," मुंगी म्हणाली. तिने बॅग सोडून दिली. "गाठ बघत होते. सुटत का नाही ती?"

"दुहेरी आहे म्हणून."

"अच्छा," असं म्हणून मुंगी निघून गेली. ती टॉवेल हातात धरून तिथेच उभी राहिली.  गाठ बघत होते. तिला स्वतःलासुद्धा कुणी पकडलं असतं तर ती असंच काहीतरी म्हणाली असती, आणि असंच शांतपणे. आतून नवऱ्याचा आवाज आला, "मुंगे, तुझ्या वेणीला रबर कुठलं लागतं? मोठं की बारकं?" हल्ली त्याला अशा बारीकसारीक चौकशांचं वेड लागलं होतं. परवा मोज्यांचा खण कुठला विचारत होता. खिडकीच्या पडद्याची दोरी कुणीतरी तिपेडी वळून ठेवली होती. मुंगीचा उद्योग, असं म्हणून तिने ती उलगडली, सरळ केली आणि पडदा सोडला.

जेवणं झाल्यावर भांडी पुसताना तिने नवऱ्याला सांगितलं, "मी दोन बॅगा घेते. एक रोजची, एक प्रवासाची."

"काल तर एकच हवी म्हणत होतीस. सगळं एकात."

"एकात नको."

"अगं, मग सोमवारी चार्जर एकात राहणार आणि तू दुसरी घेऊन निघणार. मला फोन येणार, चार्जर कुठे बघ. मी म्हणणार, कोंबडीत आहे."

ती हसली. त्याला कारण सांगावं असं तिला वाटलं, पण ते सांगायचं म्हणजे खुंटीपासून सुरुवात करावी लागली असती, अंड्यांपासून. आणि हातात ओली ताटली धरून ते कुठून सांगायचं हे तिला उमगेना. तिचा हिशेब सरळ होता. एकच बॅग असेल तर ती रोज दिसेल, आणि रोज दिसणाऱ्या वस्तूवरून काहीच कळत नाही. मुंगीला रोज उचलून बघावं लागेल. दोन असतील तर मुंगी लांबूनच बघेल, खुंटीवर रोजची आहे, आणि खेळायला जाईल. गैरसोय होईल ती आपली होईल. तिला हा हिशेब पटला होता, फक्त त्यात कुठेतरी एक पायरी गाळली आहे असं सारखं वाटत होतं. "अजून सांगितलं नाहीस ना तिला?" नवऱ्याने विचारलं. "बॅग आणली की सांगते," ती म्हणाली.

शनिवारी ती आईला घेऊन दुकानात गेली. बाबा गेल्यापासून आई बाजाराच्या पलीकडे एकटी राहायची आणि कुठेही चल म्हटलं की लगेच चपला घालायची. दुकानदाराने स्टूल पुढे केलं. "बसा आजी."

"आजी मी नातीची," आई म्हणाली आणि बसली. "तुम्ही बाई म्हणा. काय दाखवताय?"

दुकानदाराने करडी बॅग उभी केली. आईने तिला हात न लावता दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. "मळखाऊ आहे का?"

"मळखाऊ म्हणजे काय बाई, मळच दिसणार नाही."

"मळ दिसणार नाही म्हणजे आम्ही धुणार नाही. मग वास येईल." आई लेकीकडे वळली. "तिकडे लटकलीय ती निळी बघ. तिला फुलं आहेत."

"आई, मला कारखान्यात जायचं असतं."

"कारखान्यात फुलं चालत नाहीत का? मी कचेरीत फुलांचा रुमाल न्यायचे. साहेब स्वतः मागून घ्यायचे चष्मा पुसायला."

तिने जुन्या बॅगेतलं सगळं सामान काउंटरवर काढलं आणि करड्या बॅगेत भरून पाहिलं: बाटली, डबा, छत्री, लॅपटॉप, हातमोज्यांची पाकिटं. सगळं बसलं, वर दोन कपडे बसतील एवढी जागा उरली. चेन बिनतक्रार लागली. खांद्याला लावली तर पट्टा रुतला नाही. खोट काढायला जागाच नव्हती, आणि त्याचाच तिला राग आला. "हिच्यासारखीच आणखी एक द्या," ती म्हणाली. "दुसऱ्या रंगाची. लांबून ओळखू येईल अशी." दुकानदार खूश होऊन शिडी घेऊन माळ्याकडे गेला.

"दोन कशाला?" आईने विचारलं.

"एक रोजची, एक बाहेरगावची. म्हणजे मुंगीला दिसेल कुठली आहे ते."

 आई स्टुलावर जरा सरकून बसली, पदराशी चाळा करावा तशी पाकिटाची चेन उघडली आणि लावली. मग म्हणाली, "तिलाही लागली का सवय? उचलून बघायची?"

माळ्यावर दुकानदार खोकी सरकवत होता. धूळ खाली आली आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तरंगत राहिली. तिने विचारलं, "काय उचलून?" पण ते नुसतंच विचारलं, प्रश्न पुरा व्हायच्या आत तिला उत्तर कळलं होतं.

"पिशवी. तू बघायचीस तशी."

"तुला माहीत होतं?"

"अगं, घर केवढं होतं आपलं. खुंटी वाजायची. तू अशी मांजराच्या पावलांनी जायचीस आणि मग खुंटी वाजायची, कर्र. मला आधी कळेना कशाला जातेस. वाटलं, पैसे घेतेस की काय. पैसे तर जिथल्या तिथे. मग एकदा फटीतून बघितलं." आईने हाताचे तळवे जोडून, वर करून दाखवले. डोळेही मिटून दाखवले. इतक्या वर्षांनी ती कृती दुसऱ्याच्या अंगावर बघून तिचा चेहरा तापला. "मग मी काय केलं, रोज संध्याकाळी आले की पिशवी रिकामी करून टाकायला लागले. डबा बाहेर, छत्री बाहेर, पाकीट बाहेर. गाद्यांच्या मागे ठेवून द्यायचे. सकाळी उठून परत सगळं भरायचं. एकदा घाईत चष्मा राहिला. दिवसभर डोळे बारीक करून टायपिंग केलं. साहेब म्हणाले, बाई, आज आमचं काही चुकलं का?"

ती हसली नाही. तिच्या डोक्यात लहानपणच्या त्या संध्याकाळी एकामागून एक उलगडत होत्या, सगळ्या हलक्या, सगळ्या एकसारख्या. इतका एकसारखा आकडा प्रयोगशाळेत आला असता तर तिने सगळ्यात आधी काट्यावर संशय घेतला असता.

"आणि गंमत सांगू?" आई म्हणाली. "मी गेले तेव्हा ती पिशवी नेलीच नव्हती."

"खुंटी रिकामी होती. मी बघितलंय."

"असेल ना. चेन बिघडली होती म्हणून दुरुस्तीला टाकली होती. येताना दुरुस्तीवाल्याकडून घेऊन आले. गेले ती आपल्या भाजीच्या पिशवीत दोन कपडे कोंबून."

भाजीची पिशवी. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला लटकायची, कापडी, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. त्या पिशवीकडे तिने आयुष्यात एकदाही नीट बघितलं नव्हतं. काकांच्या किश्शातली पडवी तिला दिसली, पीठ माखलेला काटा दिसला. "मग मला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं. 

"काय सांगणार? ही नको, ती मोज, म्हणून?" आई म्हणाली. "त्या भाजीच्या पिशवीत तर रोज काही ना काही असायचंच. बटाटे असायचे. तू झोपलीच नसतीस."

"कुठे गेली होतीस तू?"

"मावशीकडे. झोपायला." आईने पाकिटाची चेन पुन्हा लावली, ती लागलेलीच होती. "खरंच झोपायला. भांडण नाही, काही नाही. तुझ्या बाबांना म्हटलं, मी आता पडते कुठेतरी जाऊन, नाहीतर उभ्या उभ्या पडेन. ते म्हणाले, जा. बिचारे. मावशीने मला उठवलंच नाही. जेवायला उठायचे आणि परत झोपायचे. मग एका सकाळी जाग आली आणि तुझी आठवण झाली. त्याआधी झालीच नव्हती बघ. त्याचीच भीती वाटली, आणि निघाले."

शिडी करकरली. दुकानदार दोन बॅगा छातीशी धरून उतरला, एक विटकरी, एक गडद हिरवी. त्याने दोन्ही काउंटरवर मांडल्या आणि फडक्याने झटकल्या. तिने तिन्ही बॅगांकडे पाहिलं. मग करडी पुढे ओढली. "एकच द्या," ती म्हणाली.

"आता माळ्यावरून उतरवल्या की ताई."

"चुकलं माझं."

"ती निळी?" आईने विचारलं. मग उत्तराची वाट न बघता उठली, आणि पायऱ्या उतरताना लेकीच्या दंडाला धरून म्हणाली, "आणि तू ते रिकामी करून ठेवायच्या फंदात पडू नकोस. सकाळी फार कटकट होते."

घरी आल्यावर तिने जेवायचीही वाट बघितली नाही. नवी बॅग पलंगावर ठेवली आणि मुंगीला हाक मारली. दुकानदाराने बोळे आतच ठेवले होते. ते एकेक बाहेर काढून ती मुंगीच्या हातात देऊ लागली, म्हणजे बोलताना हातांना काहीतरी काम राहील. "मुंगे, मी सोमवारी कामाला बाहेरगावी जाणार आहे. दोन रात्री तिकडेच राहणार. बुधवारी परत. आणि यापुढे पंधरा दिवसांतून एकदा असं जाणार आहे. मला जायचं आहे म्हणून जाणार आहे, कुणी सांगितलं म्हणून नाही." शेवटचं वाक्य तिने वाटेत तयार केलं होतं. ते मोठ्या माणसाला सांगण्याजोगं वाटलं, पण आता निघून गेलं होतं.

मुंगीने बोळ्याची घडी उलगडून त्यातलं एक चित्र बघितलं. "माहितीये," ती म्हणाली.

"बाबा बोलला?"

"नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली. जिभेवर बॅगेचा प्रश्न आलेला होता, तू उचलून बघतेस ना, म्हणून. तो तिने गिळला. "मग तुला कशावरून कळलं?" तिने विचारलं.

"बाबा वेणी शिकतोय ना. पडद्याच्या दोरीवर. तू दर वेळी सोडून टाकतेस, मग त्याला पहिल्यापासून करावी लागते." मुंगीने दुसरा बोळा घेतला. "आणि मोजे कुठे असतात विचारलंन. तू असशील तर कशाला विचारेल?"

"आणि त्या दिवशी बॅगेपाशी काय करत होतीस?"

"सांगितलं की. गाठ बघत होते." मुंगीच्या आवाजात, एकच गोष्ट दोनदा सांगावी लागल्याचा कंटाळा होता.

बाहेर नवरा फोनवर कुणाशी तरी बोलत होता. तिने विचारलं, "मग मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगणार होतीस ना," मुंगी म्हणाली. ते आरोपासारखं नव्हतं, की समजूतदारपणाचंही नव्हतं; पाऊस येणार होता ना, असं म्हणावं तसं होतं.  मग मुंगीने विचारलं, "पण बाबाची वेणी शाळेत सुटली तर?"

"तर बाईंना सांगायचं, त्या घालतील."

"नको. बाई ओढतात." मुंगीने विचार केला. "तू रविवारी घट्ट घाल. मी बुधवारपर्यंत सोडतच नाही."

"खाज येईल डोक्याला."

"येऊ दे."

रविवारी ऊन उतरल्यावर तिने बॅग भरली. कपडे तळाशी, त्यावर लॅपटॉप, हातमोज्यांची पाकिटं, डबा, उभ्या कप्प्यात बाटली. चार्जर तिने दोनदा आत हात घालून चाचपला. खोलीत मुंगी खुर्चीवर बसली होती आणि मागे उभा राहून नवरा तिच्या केसांचे तीन पेड धरून विचारत होता, आता मधला वरून की खालून. बाबाला एवढं जमू दे, मग आईची घट्ट, असा करार झाला होता. "वरून," मुंगी सांगत होती. "वरून म्हणजे माझ्या वरून नाही. अरे, डोकं नको दाबू." ती बॅग घेऊन दाराशी आली. सवयीने तिचे गुडघे किंचित वाकले, तळहात बुडाखाली गेले. मग तिने ती सरळ पट्ट्यांना धरली आणि खुंटीला लावली. खुंटी वाजली.

"आई, निघालीस?" आतून मुंगीने विचारलं.

"नाही. उद्या."

"मग वाजलं काय?"

"बॅग. जड आहे."

"बरं," मुंगी म्हणाली, आणि लगेच, "बाबा, खालून म्हटलं ना आता."